आश्रमाचा दुसरा दरवाजा

दिवाळीच्या आधीचा आठवडा आला की महाराष्ट्रातल्या कोणत्याही मध्यम शहरात महिलाश्रमाच्या फाटकाशी गाड्या लागतात. व्यापारी मंडळ फराळाचे पुडे आणते, कापड दुकानदार साड्या देतो, एखादा बांधकाम व्यावसायिक सौर बंब बसवून देतो. बॅनर लागतो, भाषण होते, फोटो निघतो. भाऊबिजेनंतर ही वर्दळ थांबते आणि आठ मार्चला पुन्हा सुरू होते. येणारी माणसे मनाने चांगली असतात, पदरचे पैसे खर्च करतात. त्यांच्या हेतूवर मला बोट ठेवायचे नाही. मला खटकते ती त्यामागची समजूत. गावातला उद्योजक हा देणारा आणि आश्रमातली बाई ही घेणारी, आणि त्या दोघांमध्ये यापलीकडे नाते संभवत नाही, असे आपण सगळ्यांनी धरून ठेवले आहे.

ही समजूत उथळ आहे. स्थानिक दुकानदार, लघुउद्योजक, केटरर, घरमालक यांच्याकडे देणगीहून मोलाची एक गोष्ट असते. ती सरकारकडे नाही आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीकडेही नाही. ती म्हणजे रोजचा व्यवहार: कामावर ठेवणे, माल उचलणे, खोली भाड्याने देणे, उधारीवर विश्वास टाकणे, "ही माझ्या ओळखीची आहे" असे चारचौघांत सांगणे. आश्रयाला आलेल्या स्त्रीला पुन्हा गावात उभे राहायचे असते, आणि गाव म्हणजे शेवटी असे शेकडो व्यवहारच. ते तिच्यासाठी खुले झाले नाहीत तर देणगी कितीही येवो, तिचा मुक्काम फक्त लांबतो.

१. दोन दरवाजे

आश्रमाला दोन दरवाजे असतात, एक आत येण्याचा आणि एक बाहेर पडण्याचा. आपला कायदा, आपली करुणा आणि आपला पैसा बहुतेक पहिल्यापाशी जमलेला आहे. तो दरवाजा महत्त्वाचा नाही असे कोण म्हणेल? पुण्याजवळच्या वढू बुद्रुक येथे 1997 मध्ये सिस्टर लूसी कुरियन यांनी 'माहेर' सुरू केले. त्याच्या मुळाशी 1991 मधली एक घटना आहे. नवऱ्याच्या भीतीने एक गरोदर स्त्री त्यांच्याकडे आसरा मागायला आली, तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितले गेले, आणि त्याच संध्याकाळी नवऱ्याने तिला पेटवून दिले. पहिला दरवाजा एक रात्र बंद राहिल्याची ती किंमत होती. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा निवारागृहांवर आसरा देण्याची जबाबदारी टाकतो, 181 या क्रमांकावर मदत मागता येते, 2015 पासून 'सखी' केंद्रे उघडली आहेत. या दरवाजासाठी जेवढे करू तेवढे थोडेच.

दुसऱ्याचे काय? सखी केंद्रातला मुक्काम साधारण पाच दिवसांचा. पुढच्या निवासालाही मुदत असते. ती संपते तेव्हा स्त्रीपुढे सहसा तीन वाटा असतात: जिथून पळून आली त्याच घरी परत जाणे, भावाच्या दारात ओझे होऊन राहणे किंवा दुसरा आश्रम शोधणे. चौथी, स्वतःच्या पायावर उभे राहण्याची वाट बाजारातून जाते, आणि बाजाराने ती मोकळी केलेली नाही.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी 29.3 टक्के जणींनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. आणि शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी कोणाकडेही मदत मागितलेल्या स्त्रिया फक्त 14 टक्के. बाकीच्या गप्प का राहतात याला लाज, भीती, मुले अशी अनेक उत्तरे आहेत. पण घर सोडावे की नाही या विचाराने रात्र जागवणारी बाई स्वतःला जो प्रश्न विचारते तो अगदी व्यवहारी असतो: बाहेर पडले तर सहा महिन्यांनी मी कुठे असेन? तिच्या ओळखीतली एखादी आश्रमात जाऊन वर्षभराने त्याच घरी परतलेली तिने पाहिली असेल, तर ती उंबरठा ओलांडणार नाही. दुसरा दरवाजा बंद असला की पहिल्यातून आत येणाऱ्याही कमी होतात, असे माझे अनुमान आहे. म्हणून या प्रश्नाकडे 'नंतरचे पुनर्वसन' म्हणून पाहणे चूक आहे.

२. लहान दुकानदाराने मोठ्या कंपनीची नक्कल का करावी?

2013 च्या कंपनी कायद्याने सामाजिक दायित्वाचा खर्च सक्तीचा केला तो पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांना. त्यांनी नफ्याच्या दोन टक्के खर्च करायचे. स्त्रियांसाठी वसतिगृहे आणि निवारे उभारणे हे त्या कामांच्या यादीत स्पष्ट लिहिलेले आहे. मोठ्या कंपनीने इमारत बांधावी हे योग्यच, कारण पैसा हीच तिची ताकद आहे. पण गावातला बेकरीवाला, पोळी-भाजी केंद्र चालवणारी बाई, औद्योगिक वसाहतीतला पंधरा कामगारांचा पॅकिंग कारखाना हे या कायद्याच्या कक्षेतच येत नाहीत. तरीही त्यांनी मोठ्यांचीच भाषा उचलली: धनादेश, बॅनर, फोटो, अहवाल. इमारत ते बांधू शकत नाहीत, म्हणून फराळ देतात. जे त्यांना सहज जमले असते ते मात्र कोणी मागतही नाही आणि त्यांना सुचतही नाही.

त्या फोटोबद्दल मला थोडे कठोर बोलायचे आहे. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले तेव्हा त्याचा प्राण होता गुप्तता. विधवेने गुपचूप यावे, सुरक्षित बाळंत व्हावे, मूल ठेवावे की न्यावे हे तिचे तिने ठरवावे. दीडशेहून अधिक वर्षांनी आपण आश्रमातल्या बायकांना ओळीने उभ्या करून साडी देतानाचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवतो. ज्या माणसापासून ती लपली आहे त्याच्या मोबाइलवर तो फोटो पोहोचायला दोन तास लागत नाहीत. चेहरा, मागची पाटी, गावाचे नाव, सगळे त्यात असते. एका साडीच्या मोबदल्यात आपण तिचा पत्ता जाहीर करतो. ज्या व्यापाऱ्याला खरोखर मदत करायची आहे त्याने पहिली गोष्ट करावी ती ही, की फोटो काढू नये आणि कोणाला काढू देऊ नये.

३. पगार: वेळापत्रकापासून सुरुवात

कामावर ठेवा, असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात अडते कुठे ते पाहिले पाहिजे, कारण अडचणी समजून घेतल्याशिवाय कामाला लावलेली बाई पंधरा दिवसांत काम सोडते आणि मालक म्हणतो, "यांना कामच करायचे नसते."

पहिली अडचण घड्याळाची. बहुतेक आश्रमांचे फाटक संध्याकाळी लवकर बंद होते. कापड दुकानात, किराणा दुकानात खरी गिऱ्हाइकी सुरू होते तीच संध्याकाळी. म्हणजे काम आणि निवारा एकमेकांचे पाय ओढतात. मग सुरुवातीला सकाळची कामे निवडावी लागतात: पोळी-भाजी केंद्र, बेकरीतले पॅकिंग, हॉटेल-रुग्णालयांच्या चादरी धुणारी लॉण्ड्री, मंगल कार्यालयाची भाजी-निवड, नर्सरी. किंवा नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी आश्रमाने फाटकाची वेळ बदलावी. हे अधीक्षिका आणि मालक यांनी समोरासमोर बसल्याशिवाय सुटत नाही, आणि आज ते दोघे भेटतात ते फक्त व्यासपीठावर.

दुसरी अडचण तारखेची. पोटगी, मुलाचा ताबा, हिंसाचाराची तक्रार, प्रत्येकासाठी कोर्टाची तारीख पडते आणि ती मालकाच्या हंगामाकडे पाहून पडत नाही. महिन्यातून दोन दिवस ती येणार नाही, हे कामावर घेतानाच मान्य असले पाहिजे.

तिसरी अडचण शिक्षणाची. ती स्त्रीच्या नाही, आपल्या शिक्षणाची. आश्रम म्हटला की शिवणयंत्र, असे समीकरण इतके पक्के झाले आहे की कुठल्याही उद्घाटनाला यंत्रेच भेट येतात. तयार कपड्यांच्या जमान्यात ब्लाउज शिवून किती जणी घर चालवतील, याचा हिशेब कोणी मांडत नाही. गावातल्या पंधरा धंद्यांत आज कोणत्या हातांची कमतरता आहे हे सगळ्यात चांगले ठाऊक असते त्या धंदेवाल्यांना. बिलिंगच्या संगणकावर बसणारी, ई-रिक्षा चालवणारी, औषधांच्या दुकानात साठा लावणारी, रुग्णाची शुश्रूषा करणारी: शिकवायचे काय हे त्यांनी ठरवायला मदत करावी. शिवणयंत्र देण्यापेक्षा ही माहिती देणे अधिक उपयोगाचे आहे.

आणि पगार कोणाच्या हाती? तिच्या स्वतःच्या बँक खात्यात, आश्रमाच्या खात्यात नाही. यातही एक गुंता आहे. पुष्कळ जणींच्या खात्याला आणि आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक नवऱ्याचा असतो. ओटीपी त्याच्याकडे जातो, पैसे जमा झाल्याचा संदेशही त्याच्याकडेच जातो. पहिला पगार होण्याआधी क्रमांक बदलणे किंवा नवे खाते उघडणे हे काम मालकाच्या ओळखीच्या बँकेत तासाभरात होते. एकटी गेली तर तिला आठ हेलपाटे पडतात. व्यवहारी माणसाची मदत म्हणजे मी काय म्हणतो ते या एका कामात सगळे आले.

४. पत्ता

पगार सुरू झाला तरी खोली मिळत नाही. एकट्या बाईला घर देताना घरमालक नवऱ्याचे नाव विचारतो, अनामत मागतो, ओळखीचा माणूस मागतो. आश्रमातून आली म्हटल्यावर खोली "कालच गेली" असते. खोली नाही म्हणून रहिवासाचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून रेशनकार्डात नाव नाही, गॅस नाही. जुन्या रेशनकार्डावर तिचे नाव सासूच्या कुटुंबात अडकलेले, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला नवरा मिळू देत नाही.

इथे व्यापारी संघटनेला एक काम सहज करता येईल. वर्षाकाठी फराळ-साड्यांवर जो पैसा जातो त्यातून एक अनामत निधी उभारायचा. स्त्रीने खोली घेतली की घरमालकाला अनामत संघटना देईल. ती खोली सोडेल तेव्हा रक्कम निधीत परत येईल आणि दुसऱ्या स्त्रीच्या कामी येईल. साडी एकदाच नेसता येते असे नाही, पण ती फिरून दुसऱ्या बाईच्या छपरासाठी वापरता येत नाही. शिवाय अनामतीबरोबर संघटनेचा शब्द जातो, आणि गावात घरमालक पैशापेक्षा शब्दाला मानतो. 'लाडकी बहीण' योजनेचे दीड हजार रुपये परित्यक्ता आणि निराधार स्त्रियांनाही मिळू शकतात आणि ते कामाचेही आहेत. पण घरमालकाला हवी असलेली ओळख सरकारी योजनेतून येत नाही.

५. पत, आणि आपण विसरलेला इतिहास

या मांडणीला कोणी नवी म्हणू नये. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे केडगावला मुक्ती सदन उभे केले. तिथे दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो मुली-स्त्रिया होत्या. पण तिथे शेती होती, माग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे त्याच आश्रमातल्या स्त्रियांनी जुळवले. ज्यांना समाजाने अपशकुनी म्हणून टाकले होते त्यांच्या हातून ग्रंथ छापून बाहेर पडत होता. आज आपण त्याच परंपरेतल्या संस्थांना जुने कपडे नेऊन देतो.

दुसरे उदाहरण आश्रमाचे नाही, तरी इथे ते बोलके आहे. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात जणींनी छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली गेली. कोणाकडून देणगी घ्यायची नाही हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले होते. 'लिज्जत'ची गोष्ट सांगताना आपण त्या सात जणींच्या जिद्दीचे कौतुक करतो आणि ते रास्तच आहे. माझे लक्ष मात्र त्या व्यापाऱ्याकडे जाते. त्याने फराळ वाटला नाही. पापड विकत घेतले आणि पैसे मोजले. उसने देणारा एक आणि विकत घेणारा एक, एवढे दोन पुरुष बाजारात भेटले नसते तर त्या जिद्दीचे काय झाले असते?

पत म्हणजे हेच. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले ते गिरणी कामगारांसाठी खाणावळी चालवणाऱ्या स्त्रियांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेच्या दारात नेण्यासाठी. म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक निघाली, तेव्हा प्रवर्तक स्त्रिया निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी अर्ज नाकारला होता. त्या शिकल्या, पुन्हा गेल्या आणि 1997 मध्ये बँक सुरू झाली. गरीब बाई पैसे बुडवते हा समज व्यवहारानेच मोडला. दानातून तो मोडण्याचा प्रश्नच येत नाही, कारण दानात परतफेड नसते आणि परतफेडीवाचून पत सिद्ध होत नाही. ज्या स्त्रीने किराणा दुकानात तीन महिने खाते चालवून दर पाच तारखेला चुकते केले, तिच्याबद्दल त्या दुकानदाराचे मत कोणत्याही भाषणाने बदलणार नाही इतके बदललेले असते.

६. सर्वांत गंभीर आक्षेप

हे सगळे स्वस्त मजूर मिळवण्याचे साधन होईल, असे कोणी म्हटले तर मी ते झटकून टाकणार नाही. ती भीती खरी आहे. जिला जायला जागा नाही ती घासाघीस करू शकत नाही. मालक मनात म्हणतो, आणि काही जण तोंडावर म्हणतात, "राहणे-खाणे तर आश्रम देतोच, मग पूर्ण पगार कशाला?" या वाक्याचा हिशेब एकदा मांडून पाहा. आश्रम तिला जेवू घालतो ते दात्यांच्या धान्यावर. त्या जेवणाच्या नावाखाली मालकाने पगार कापला, तर दात्याने दिलेला तांदूळ अखेर मालकाच्या नफ्यात जमा होतो. उपकाराच्या नावाने केलेली ही चोरी आहे.

त्याहून मोठा धोका अंगचटीला येण्याचा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती सक्तीची करतो. आपण ज्या दुकानांबद्दल बोलतो आहोत त्यांतली बहुतेक दहाच्या खालची आहेत. तिथल्या स्त्रीने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे असते आणि अशी समिती असते हेच बहुतेकींना माहीत नसते. भविष्य निर्वाह निधी वीस माणसांपासून, कर्मचारी राज्य विमा दहापासून. संरक्षणाची छत्री जिथे सुरू होते त्याच्या बाहेरच ही बाई उभी असणार.

म्हणून जे कायदा देत नाही ते लेखी करारात आले पाहिजे. त्या कामाला गावात दुसऱ्या कोणाला जे मिळते तेच वेतन, आणि कोणत्याही स्थितीत किमान वेतनाहून कमी नाही. पगार खात्यात. कामाचे तास ठरलेले. आश्रमाची समाजसेविका न कळवता दुकानात येऊ शकेल आणि बाईशी एकांतात बोलू शकेल. स्थानिक समितीचा फोन नंबर तिच्या हाती पहिल्या दिवशी दिलेला असेल. आणि सर्वांत महत्त्वाचे: काम सोडले म्हणून निवारा जाणार नाही. हे शेवटचे कलम नसेल तर आश्रम ठेकेदार बनतो. इथे मला संस्थांनाही बजावायचे आहे. देणगीदार नाराज होईल या धास्तीने ज्या अधीक्षिकेने एखाद्या बाईची तक्रार दाबली, तिने पहिल्या दरवाजाचाही विश्वास गमावला. म्हणून जो दाता आहे तोच मालक असू नये, निदान एकाच वर्षी तरी असू नये, असे मला वाटते.

याच आक्षेपाची दुसरी बाजू म्हणजे सक्ती. प्रौढ स्त्रीला तिच्या मर्जीविरुद्ध संरक्षणगृहात डांबून ठेवण्याच्या प्रथेकडे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या संदर्भात लक्ष वेधले आणि अशा स्त्रियांच्या सुटकेचा विचार व्हावा म्हणून पाहणी करायला सांगितले. कामही तिच्या मर्जीनेच असले पाहिजे. आश्रमातल्या पहिल्या महिन्यात काहींना फक्त झोप हवी असते, आणि ती मिळाली पाहिजे.

७. आणखी दोन शंका

"तिचा नवरा दुकानात येऊन तमाशा करेल." करू शकतो. म्हणून सुरुवातीला गल्ल्यावर किंवा काउंटरवर नको, आतले काम द्यावे. जाण्या-येण्याची वेळ आणि वाट अधूनमधून बदलावी. पोलीस ठाण्यात आधी कल्पना द्यावी. शक्य तर एका ठिकाणी दोघींना घ्यावे. पण या शंकेच्या पोटात एक गृहीत आहे की दंगा तिच्यामुळे होतो. दारू पिऊन दुकानात शिरलेल्या गुंडापायी आपण गल्लेवाल्याला कामावरून काढत नाही. बाजारपेठेतल्या दहा दुकानदारांनी बाहेर येऊन उभे राहायचे ठरवले तर असा नवरा दुसऱ्यांदा येत नाही. कोर्टाच्या संरक्षण आदेशालाही बळ येते ते असे कोणी साक्षीला उभे राहिले तर.

"सगळ्याच कुठे काम करू शकतात?" नाही करू शकत. नगरजवळ शिंगवे येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे ज्या मनोरुग्ण, रस्त्यावर सापडलेल्या स्त्रियांना सांभाळतात, त्यांच्यातल्या अनेकींकडून पगारी कामाची अपेक्षा करणे क्रूर ठरेल. वृद्ध, आजारी, बाळंतीण, अल्पवयीन मुली यांच्यासाठी धान्य, औषध, पैसा लागतो आणि तो निर्वेध द्यावा, वर्षभर द्यावा. तिथेही व्यवहारी माणसाची चांगली मदत म्हणजे दर महिन्याच्या ठरल्या तारखेला येणारे किराणा सामान, ज्याच्या भरवशावर संस्थेला पुढची आखणी करता येते. दिवाळीत दीडशे डबे चिवडा आणि आषाढात तूरडाळीची उधारी, हे चित्र मासिक यादीने बदलते.

८. पहिला महिना

एखाद्या व्यापारी मंडळाला उद्या सुरुवात करायची झाली तर योजना, समित्या आणि नाव यांत वेळ घालवू नये. दोन दुकानदार आणि अधीक्षिका यांनी फोटोग्राफरशिवाय एक दुपार बसावे. तिने सांगावे की आज काम करू इच्छिणाऱ्या किती जणी आहेत, त्यांना काय येते, मुले किती, कोर्ट कोणत्या गावी. त्यांनी सांगावे की माणसे कुठे कमी पडतात आणि कोणत्या वेळेला. एवढ्यातून दोघींचे काम ठरले तरी पुरे.

मग एक बारीक गोष्ट उरते, जी नेहमी राहून जाते. पगार महिना भरल्यावर होतो. तोवरचे तीस दिवस तिने कामावर यायचे कसे? एसटीत 2023 पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, पण अर्धे तिकीट म्हणजे फुकट नव्हे. दुपारचा चहा, चपलेचा तुटलेला अंगठा, मुलाच्या शाळेतली वर्गणी, यांसाठी हात पसरावा लागला की ती पुन्हा पहिल्या दिवशी होती तिथे जाते. म्हणून पहिला महिना आठवड्याचा हिशेब शनिवारी चुकता करावा. गावातल्या बहुतेक धंद्यांत रोजंदारीचा हिशेब नाहीतरी असाच होतो. तिच्यासाठी वेगळे काही करायला नको. जे बाकीच्यांना मिळते ते तिलाही त्याच दिवशी, त्याच रांगेत मिळावे.